केंपू, कप्पू आणि अकरा वेळा ‘सरी’

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे मी त्यासाठी जागा ठेवलेली नाही. वय बावन्न, नोकरी व्हाइटफील्डला, काम सर्किटं तपासण्याचं. लहानपणी साताऱ्यात ओढ्याकाठच्या भुताच्या गोष्टी रचून धाकट्या भावंडांची चड्डी ओली करणारा तो मीच. म्हणजे भुतं कुठे तयार होतात हे मला कारखान्याच्या मालकाइतकं ठाऊक आहे! तेव्हा विश्वास वगैरे शून्य. आणि तरीही गेल्या श्रावणात एका शनिवारी, सकाळी साडेनऊला, चांगल्या लख्ख उन्हात, माझ्याच गाडीत…

पण आधी माणसं सांगतो.

माझी बायको वसुधा ही बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातली. इतकी जुनी, की त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड कधी मिसळलं हे त्यांनाही माहीत नाही. तिच्या आईला सगळे अक्का म्हणतात, वडिलांना अण्णा म्हणायचे. अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून अक्का आमच्याकडे के. आर. पुरमला असतात, आणि हळूहळू सगळं विसरत चालल्यात. दर शनिवारी त्यांना बसवनगुडीच्या जुन्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मागच्या सीटवर त्यांना उलट्या होतात, म्हणून त्या पुढे बसतात. आणि पुढच्या दाराला चाइल्ड लॉक नसतं.

हे का सांगतोय? कारण गाडी सुरू झाली की अक्का अस्वस्थ होतात आणि त्यांचा हात दाराच्या कडीकडे जातो. दोनदा त्यांनी सिग्नलला दार उघडलं होतं. त्यावर औषध एकच सापडलं होतं – अण्णांचा आवाज.

वसुधा म्हैसूरला हॉस्टेलमध्ये असताना अण्णांनी तिला पत्राऐवजी एक कॅसेट पाठवली होती. एकतीस मिनिटं घरच्या बातम्या. मोगऱ्याला कळ्या आल्या, दूधवाला कालपासून आला नाही, शेजारच्यांची गाय आपल्या तुळशीत शिरली. प्रत्येक बातमी झाली की अण्णा शेजारी बसलेल्या अक्कांना विचारतात, “सरी ना गं?” सरी म्हणजे कन्नडमध्ये बरोबर, ठीक. त्यानंतर टेपवर जरा शांतता. अक्कांनी तेव्हा नुसती मान हलवली असणार. आता गाडीत ती शांतता आली, की अक्का मोठ्यानं म्हणतात, “सरी.” अण्णा एकूण अकरा वेळा विचारतात, अक्का अकरा वेळा उत्तर देतात, आणि अकराव्या उत्तरापर्यंत त्या पूर्ण शांत झालेल्या असतात. ही कॅसेट मी पेन ड्राइव्हवर घेतली होती. मला ती तोंडपाठ आहे, अगदी अण्णांच्या खोकल्यासकट.

त्या आठवड्यात जुना स्टिरिओ बंद पडला. मी नवीन आणला, पुढच्या दारांचे स्पीकरही बदलले, आणि अर्थातच सगळं स्वतः जोडायला घेतलं. स्पीकरच्या दोन वायरी असतात, प्लस आणि मायनस. दोन्ही स्पीकरना त्या सारख्याच जोडाव्या लागतात. उजवी बाजू मी शास्त्रशुद्ध केली – वायरींना पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा, स्पीकरचा पडदा बाहेर आला की सेलच्या टोपीकडची वायर प्लस. डाव्या बाजूपर्यंत येताना कंटाळलो आणि दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “सार, केंपू यलोला, कप्पू ब्राउनला.” स्टिरिओच्या त्या दोन वायरी दाराकडून येणाऱ्या यलो-ब्राउनला मी जोडल्या आणि ऐटीत इन्सुलेशन टेप गुंडाळली.

आता ऐका. केंपू म्हणजे लाल आणि कप्पू म्हणजे काळा. या गावात वीस वर्षं काढून हे दोन शब्द माझ्या डोक्यात आजही जागा बदलतात. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला अण्णांनी मला केंपू रंगाचा खण आणायला पाठवलं, आणि मी गौरीसाठी कुळकुळीत काळा खण घेऊन आलो होतो! अक्का हसून हसून जिन्यावर बसल्या होत्या. तेव्हापासून माझं काहीही चुकलं, की अण्णा भुवई उडवून म्हणायचे, “केंपूला केंपू, जावईबापू.”

शनिवारी निघालो. अक्का माझ्या शेजारी, वसुधा मागे. हँगिंग ब्रिजच्या चढावर पेन ड्राइव्ह चालू केला आणि मानेवरचे केस उभे राहिले. अण्णांचा आवाज येत होता, पण त्यातला माणूसच गेला होता. खर्ज नाही, भार नाही. आणि तो समोरून येत नव्हता. काचेपलीकडून कुणीतरी गाडीबरोबर चालत बोलतंय असा येत होता.

त्याचं कारण मला त्याच क्षणी कळलं, हे मुद्दाम सांगतो. एक स्पीकर उलटा जोडला, की डावा पडदा बाहेर ढकलतो तेव्हा उजवा आत ओढतो, आणि दोघांत जे सारखं असतं ते एकमेकांना खातं. आवाज पोकळ होतो, कुठून येतो ते कळत नाही. इथवर सगळं विज्ञान.

पण अक्कांना कुठलं विज्ञान? त्या काचेला कान लावून ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “अण्णा बाहेर राहिले. गाडी थांबवा.”

पूल होता. मागे कंपनीची बस चिकटून, डावीकडून दुचाक्या. थांबणार कुठे? मी स्टिरिओ बंद करायला हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज बंद केला असता तर त्यांच्या लेखी अण्णा मागे पडले असते. दुसऱ्या हातानं त्यांनी सीटबेल्ट सोडला. वसुधानं मागून त्यांच्या दोन्ही खांद्यांना मिठी घातली, “अक्का, नको गं, बस गं,” म्हणत राहिली. कडीचा खटका वाजला. दार वीतभर उघडलं, वारा आत आला, एक स्कूटर हॉर्न देत दाराला घासून गेली. उतार लागला होता, गाडी वेग घेत होती. आणि अक्कांचा एक पाय बाहेर.

तेवढ्यात त्या पोकळ आवाजात अण्णा म्हणाले,

“अगं, पाय आत घे. मी आतच आहे. जावईबापूंनी उलटं जोडलंय… केंपूला केंपू.”

आणि लगेच, जणू काही झालंच नाही, “…तर दूधवाला कालपासून आला नाही. सरी ना गं?”

अक्कांनी पाय आत घेतला. दार ओढलं. माझ्याकडे बघून त्या गौरीच्या दिवसासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, “सरी.”

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी घातली. स्टिरिओ बाहेर ओढून डावा जोड उघडला. यलोला काळी, ब्राउनला लाल. उलटं. अदलाबदल केली, आणि अण्णा डॅशबोर्डच्या मधोमध, भरदार आवाजात, येऊन बसले. अक्का म्हणाल्या, “आले आत.” वसुधा मागे रडत होती. तिनंही ते वाक्य शब्दन् शब्द ऐकलं होतं. आजही तो विषय काढला की ती उठून आत जाते.

घरी येऊन मी कॅसेट ऐकली, पेन ड्राइव्ह ऐकला, दोहोंत काही वेगळं दडलंय का म्हणून कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू एकमेकींतून वजा करून बघितल्या. एकाच माइकवरचं रेकॉर्डिंग, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, बाकी शून्य. मोगऱ्यानंतर थेट दूधवाला. मध्ये श्वास घेण्याइतकी जागा, बस. आणि सगळ्यात वाईट गोष्ट मला जेवताना सुचली, घास हातातच राहिला – ही कॅसेट भरली तेव्हा वसुधा कॉलेजात होती. अण्णांना जावई नव्हताच!

महिनाभरानं अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “जावईबापू, पुन्हा स्वल्प उलटं जोडा की.”

नाही म्हणवेना. वसुधा बाजारात गेल्यावर, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीत, डावा जोड मी पुन्हा उलटा केला. एकतीस मिनिटं आम्ही दोघं पोकळ अण्णा ऐकत बसलो. मोगरा, दूधवाला, गाय. जादा एक अक्षर नाही. अक्कांनी अकरा वेळा ‘सरी’ म्हटलं आणि टेप संपली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी बटणाकडे हात नेला.

आणि त्या गप्प झालेल्या स्पीकरकडे बघत अक्का बाराव्यांदा म्हणाल्या, “सरी.”

मी विचारलं, “कशाला सरी म्हणालात, अक्का?”

त्यांनी पदर सारखा केला. “तुम्हाला कशाला सांगू?”

जोड मी त्याच दिवशी सरळ केला, सेल लावून दोनदा तपासला. दर शनिवारी अक्का हात मांडीवर ठेवून बसतात, दाराकडे बघतही नाहीत. त्यांना काय सांगितलं गेलं ते त्यांना माहीत आहे. मला आजतागायत नाही.