साक्रीला न पोचलेलं बाळंतपण

दिवस भरत आले होते आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. रक्ततपासणीत मला हिपॅटायटिस बी निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, बाळ जन्मताच त्याला दोन इंजेक्शनं द्यावी लागतील, म्हणून बाळंतपण धुळ्यालाच करा. नवऱ्याचंही रक्त तपासा. पण सासूबाईंच्या हिशेबी ही साधी कावीळ. त्यांनी माझं ताट वेगळं केलं. पहिलं बाळंतपण माहेरचंच, शिवाय माझ्या माहेरी साक्रीकडे काविळीची माळ घालतात, ती गळ्यातून लांबत पायापर्यंत उतरली की रोग गेला, असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या. तपासणीचं नाव काढलं की नवरा शेतात पळायचा. मी घरच्या देवीपुढे, कानबाईपुढे रोज एकच रडगाणं गायचे, माझा रोग ने. ती ऐकेना. मला तिचाही राग यायला लागला.

धाकटा भाऊ न्यायला आला. शिंदखेड्याहून गाडीत बसलो तेव्हा पोटातलं बाळ आणि डोक्यातले विचार, कुणीच स्वस्थ बसेना. भावाला पुढे जागा मिळाली. माझ्या शेजारी एक बाई होती, मांडीवर मुलगी. मला रडू आवरेना.

"का वं माय, रडस?" तिनं विचारलं. घरात बोलायची चोरी होती, ते सगळं मी या परकीला सांगून टाकलं.

ती चक्क हसली. "मले बी तोच रोग शे. माळ मनी पायलगून उतरनी, रोग तठेच शे!" मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हिले जनमताच दोन्ही सुया दिन्यात. पोर चांगली शे. तू धुय्याले उतर."

धुळ्याला मी पिशवी उचलली.

"लोके काय म्हनतीन, अक्का?" भाऊ कावराबावरा झाला.

"म्हणू देत," मी म्हटलं. ती बाई खिडकीतून हात हलवत राहिली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

नवऱ्याला फोनवर म्हटलं, "आत्ता या आणि रक्त द्या, नाहीतर पोराचं तोंड दिसणार नाही." आले मुकाट. त्यांच्यात दोष निघाला नाही, त्यांनाही लस सुरू झाली. बाळंतपणापर्यंत आम्ही धुळ्यातच खोली घेऊन राहिलो. मुलगा झाला, दोन्ही इंजेक्शनं लगेच मिळाली. तरी पुढच्या लसी होऊन त्याची तपासणी होईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तो निरोगी निघाला तेव्हा मी दवाखान्यातच मोठ्यानं रडले.

गाडीतली ती बाई म्हणजे कानबाईच, असं मी म्हटलं की, कानबाई तिकीट काढून एसटीत बसते का, असं नवरा चिडवतो. बसतही असेल.

माझा रोग आहे तसाच आहे, तपासण्या चालू आहेत. घाबरून मी स्वतःपुरतंच मागत होते. ते तिनं दिलं नाही. आता तिच्यापुढे बसते, पण काही मागत नाही. पोरगं मांडीवर असतं, इतकी ओढाताण करतं की हात जोडायचेही राहून जातात.