ताईंच्या भांगातला रंग

ताईंना पायांची किळस कधी आली नाही. चपला-बुटांच्या दुकानात, बायकांच्या विभागात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. घामेजलेले मोजे, भेगाळलेल्या टाचा, वाकडी वाढलेली नखं, कुणाच्या करंगळीवरचं जुनं कुरूप, सगळं त्यांनी हातात धरलं होतं. "कसं सहन करता हो?" असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पाय उलटून बोलत नाहीत." उलटून बोलणारी तोंडं वर असायची आणि तिकडे बघायची त्यांना फारशी गरज पडायची नाही.

आपण खाली बसून बूट चढवत असताना ती वरची तोंडं आपल्याकडे बघत असतात, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते आणून दिलं धाकट्या मालकांनी.

थोरल्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि दुकान मुलाच्या हातात आलं. आल्या आल्या त्याने दिवे बदलले, आरसे बदलले. मग एक दिवस ताईंना मागच्या गोदामात बोलावलं. खोक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी जागा, त्यात त्याच्या केसांना चोपडलेल्या जेलचा गोडगोड वास.

"राग मानू नका ताई. पण गिऱ्हाईक खुर्चीत, तुम्ही खाली स्टुलावर. त्याला तुमचं काय दिसतं, सांगा बघू?"

"हात," ताई म्हणाल्या.

"डोकं! भांग! आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना चांगला बोटभर पांढरा पट्टा. एवढं दुकान चकाचक केलंय आपण. काहीतरी करा ना."

ताई "बरं" म्हणाल्या. घरी जाताना त्यांना मालकापेक्षा त्या "बरं"चीच जास्त चीड आली. तोंडातून कसं घरंगळत आलं ते, जणू वाटच बघत होतं.

त्यांची धाकटी बहीण केसांना रंग लावण्यात मुरलेली. तिने लगेच खोका आणून दिला. "कोळशासारखा काळा होतो. आणि अमोनिया नाही बघ, वरच छापलंय. म्हणजे काही होत नाही."

आत घडी घातलेला एक कागद होता. अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की आधी थोडासा कानामागे लावून दोन दिवस वाट पाहा.

"हे बघ काय म्हणतायत," ताई म्हणाल्या.

"ते कोण वाचतं? कायद्याच्या भीतीने छापतात," म्हणून बहिणीने कागद चुरगाळला आणि दोन नळ्या एका वाटीत पिळल्या.

वाटीतला लगदा आधी राखाडी होता, मग जांभळट झाला, मग काळा. ढवळावा तसा अंगाला चिकटणारा वास सुटला. मानेवरून ओघळ पाठीत उतरले, बेसिनभर काळे शिंतोडे उडाले. ताईंचा नवरा बसच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होता. तो न्हाणीघराच्या दारात येऊन हुंगून म्हणाला, "आमच्याकडे बॅटरी फुटली की असाच वास येतो. तेव्हा आम्ही लांब पळतो."

"तुम्हीही पळा," मेहुणीने त्याला हाकललं.

धुतल्यावर ताईंनी आरशात पाहिलं. डोक्यावर कुणीतरी झाकण बसवल्यासारखं दिसत होतं. कपाळाच्या कडेला काळी किनार, ती साबणाने घासून घासून लाल झाली पण गेली नाही. बहीण मात्र खूश. "दहा वर्षांनी लहान दिसतेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खाज सुरू झाली. त्याच्या पुढच्या दिवशी पापण्या सुजल्या. मग कानांमागची कातडी लाल होऊन फुटली आणि तिथून पिवळं, चिकट पाणी झरायला लागलं. उशीचा अभ्रा कानाला चिकटून बसायचा, ओढला की सोलल्यासारखं व्हायचं. त्या पाण्याला एक आंबूस वास होता. जन्मभर परक्यांचे पाय हाताळलेल्या बाईला स्वतःच्या डोक्याला हात लावताना शिसारी यायला लागली. नवरा म्हणाला, "सुट्टी घे." पण दुकानात नवा माल लागत होता, सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. ताईंनी कानांवरून केस ओढून घेतले आणि कामावर गेल्या.

त्या दिवशी एक बाई पांढरट रंगाची सँडल बघायला आली. ताईंनी वाकून पट्टा ओढला, बक्कल लावायला मान कलती केली, आणि कानामागून निघालेला एक थेंब जबड्यावरून घसरत बाईच्या पावलावर टपकला. नितळ, धुतलेल्या पावलावर पिवळा थेंब.

"शी!" बाईने झुरळ चढल्यासारखा पाय ओढून घेतला. "काय आहे हे? काही लागण-बिगण आहे का यांना?"

ताईंनी रुमाल पुढे केला. बाई आणखी मागे सरकली. तोवर धाकटे मालक कागदी रुमालांचा डबा घेऊन धावत आले. ताईंकडे न बघता खालच्या आवाजात "आत जा" म्हणाले आणि बाईकडे वळून गोड हसले. "माफ करा हां मॅडम. नवीन आहेत त्या."

नवीन! याच माणसाला शाळेचे पहिले बूट ताईंनी घातले होते. गोदामात खोक्यांना टेकून उभ्या असताना त्यांना रडू आलं नाही. त्या थेंबाची त्यांना लाज वाटली होती, पण किळस आली ती या शब्दाची.

संध्याकाळी नवरा त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने नाक न मुरडता ताईंचा कान दोन बोटांत धरून मागे वळवला आणि बराच वेळ पाहिलं. एवढ्यानेच ताईंना थोडं बरं वाटलं.

"काळा रंग लावलात?"

"अमोनिया नव्हता त्यात."

"अमोनियाचा इथे संबंधच नाही. काळा रंग पक्का बसावा म्हणून पीपीडी नावाचं रसायन घालतात, ते तुम्हाला सोसत नाही. आणि एकदा सोसलं नाही की शरीर ते विसरत नाही. पुन्हा लावलात तर याहून वाईट होईल. तोंड सुजलं, श्वास लागला तर माझी वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा."

औषधं लिहून झाली तरी ताई उठेनात. शेवटी नवराच म्हणाला, "तिला विचारायचंय की आता रंग कायमचा बंद का?"

डॉक्टरीण हसली. "मी बंदच म्हणेन. पण लावायचाच असेल तर आधी कातडी पूर्ण बरी होऊ द्या. मग केसांच्या वरवर बसणारा, धुतला की हळूहळू जाणारा रंग शोधा. खोक्याच्या पुढे काय छापलंय ते वाचू नका, मागे वाचा. काळी मेंदीसुद्धा नको, तिच्यात बहुतेक वेळा हेच असतं. आणि काही घेतलंत तर लावायच्या आधी माझ्याकडे आणा."

बरं व्हायलाही वेळ लागला. खपल्या धरल्या, त्या केसांत अडकून राहिल्या. कंगवा फिरवला की खांद्यावर कोंड्यासारखा चुरा. ताई तो झटकायच्या आणि जेवणाच्या ताटावरून उठायच्या.

मग त्या दुकानं पालथी घालायला लागल्या. नवऱ्याने बारीक तारा बघायचं आपलं भिंग दिलं होतं. ते डोळ्याला लावून त्या खोक्यांच्या पाठी वाचायच्या. एक दुकानदार वैतागला, "अहो, घ्यायचंय की परीक्षेला बसायचंय?" एका खोक्यावर हिरवीगार पानं, दवबिंदू, मोठ्या अक्षरांत 'वनस्पतींपासून'. ताईंनी मागे पाहिलं. यादीच्या पार तळाशी, चोरासारखं दडून, तेच नाव. कानामागच्या पाण्याची आली नव्हती एवढी किळस त्यांना त्या पानांच्या चित्राची आली. खोका त्यांनी दोन बोटांनी फळीवर परत ठेवला.

साधी, निखळ मेंदी त्यांनी कंगव्यात आलेल्या केसांच्या गुंत्यावर लावून पाहिली. पांढरे केस भडक नारिंगी झाले. नवरा तो गुंता उजेडात धरून म्हणाला, "हे डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडू नकोस, गाड्या थांबतील." कितीतरी दिवसांनी ताई हसल्या.

शेवटी एक तपकिरी क्रीम सापडलं. दोन नळ्या मिसळायचा प्रकार नाही, मागच्या यादीत ते नाव नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली त्याच्या जातीची दुसरी रसायनंही नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ते ताईंच्या पाठीवर लावून पाहिलं. मग घरी ताईंनी कानामागे ठिपका लावला आणि दोन दिवस आरशात डोकावत राहिल्या. काही झालं नाही. तेव्हा कपाळाच्या कडेला व्हॅसलिन चोळून, हातमोजे घालून त्यांनी ते भांगाला लावलं. ना धड काळं, ना धड पांढरं, मातकट तपकिरी काहीतरी झालं. टॉवेल खराब झाला. पण खाज आली नाही.

दुकानात धाकटे मालक स्टुलामागे येऊन उभे राहिले. "वा! आता कसं शोभून दिसतंय!"

आणि ताईंच्या छातीत काहीतरी सुखावलं. अगदी क्षणभर. पण ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. कान सोलून निघाला, आणि या पोराच्या एका 'वा'ने आपण शेपटी हलवतोय!

त्या उठून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी तुम्ही मला नवीन म्हणालात."

"कधी? अच्छा, ते होय. अहो, गिऱ्हाइकासमोर काहीतरी सांगावं लागतं."

"मग आज मीही सांगते. हा रंग चार वेळा न्हालं की जातो. मला वाटलं तर पुन्हा लावीन, नाही वाटलं तर नाही लावणार. माझ्या कामाबद्दल काय बोलायचं ते बोला. डोक्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही."

धाकट्या मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. "बरं," ते म्हणाले.

ताई अजून तिथेच आहेत. मन झालं तर सुट्टीच्या दिवशी क्रीम लावतात, तेसुद्धा नाक दाबून, कारण त्याचा वास त्यांना अजिबात आवडत नाही. नाही तर पट्टा तसाच दिसत राहतो. धाकटे मालक आता त्यांच्याशी बोलताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.