वहिनींनी तपासलेले खिसे

लाँड्रीवाल्या वहिनींचा एक नेम होता. खिसा उलटा केल्याशिवाय कुणाचाही कपडा धुवायला टाकायचा नाही. खिशांतून चाव्या निघत, रुमाल निघत, एकदा तर कुणाची कवळी निघाली होती. आणि कुणाच्या कोटात धूर आहे, हे त्यांचं नाक घडी उलगडायच्या आत सांगायचं. या नाकापुढे नवऱ्याची सिगरेट कधी लपली नाही. तो कुलपं दुरुस्त करायचा. कसलंही कुलूप उघडेल, पण बायकोपुढे थाप मारताना पहिल्याच वाक्यात सापडायचा. "सोडली" म्हणायचा आणि सोडायचा नाही.

गेल्या वर्षी त्याच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं आणि रिपोर्टातला एक आकडा बघायचा. आकडा खाली म्हणजे जीव भांड्यात. या खेपेला तो वर सरकला होता.

"थोडाच वाढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एवढा असू शकतो. तुम्ही ओढता?"

"छे. ऑपरेशन झाल्यापासून हात लावलेला नाही."

"मग गाठ परत आली नाही ना, ते बघायला हवं. परवा स्कॅन करू."

वहिनींनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. मग एकदम हायसं वाटलं. हा बाबा नेहमीसारखं खोटं बोलतोय, दुसरं काय! आजवर ज्या खोटेपणावर त्या भांडत आल्या, तोच आज खरा निघावा म्हणून त्यांनी देवाला हात जोडले.

घरी येताच त्यांनी त्याचे सगळे कपडे जमिनीवर ओतले. खिशांतून एक जुनी किल्ली निघाली, थोड्या लवंगा निघाल्या. अस्तराला नाक लावलं तर तेलाचा वास, लोखंडाचा वास. धूर कुठेच नाही. माणसाने जन्मात एकदाच शब्द पाळला, आणि तो नेमका हा. त्या कपड्यांच्या ढिगातच खाली बसल्या.

नवरा दारात उभा होता. उलटे लोंबणारे खिसे त्याने पाहिले, बायकोचा चेहरा पाहिला. "दुकानात जाऊन येतो," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी खोकत परतला. "तुझ्यापासून काय लपवायचं? ओढतो रोज दोन-चार. आकडा त्याचाच असणार. तू घाबरू नकोस."

वहिनींनी त्याचा सदरा हातात घेतला. धूर बाहीवर होता, छातीवर होता. पण कॉलरच्या आत, शिवणीत, जिथे रोज ओढणाऱ्याचा धूर मुरून बसतो, तिथे नुसता साबण. हा धूर आजचा होता.

तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ओठ पांढरे पडले होते त्याचे. वहिनी कंबर कसून उभ्या राहिल्या.

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला? पोट फाडून घेतलं तरी अक्कल आली नाही!"

त्या बोलतच राहिल्या. आवाज फाटला तरी थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर रडल्या असत्या, आणि मग ही थापही पकडली गेली, हे त्याला कळलं असतं.