टॅलामध्ये मी युती तोडली

डब्लिनच्या विमानतळावरून टॅला या उपनगरात येताना आधी दिसले ते ढग, मग एकसारख्या घरांच्या रांगा आणि त्यांच्यामागे हिरवे डोंगर. माझी लेक मधुरा इथल्या इस्पितळात कामाला आहे. तिच्याकडे मी तीन आठवडे होतो आणि त्यातला निम्मा वेळ 'प्रेस' (भिंतीतलं कपाट) उघडून चहापूड शोधण्यात गेला. मला कुणी काही काम करू देत नव्हतं, याचा रागही आला होता.

नात इरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत. तिच्या वाढदिवसाला वीस पोरं येणार होती आणि सगळ्यांना चिप्स (बटाट्याचे तळलेले गरम काप) हव्या होत्या. मधुराने ते काम माझ्यावर सोपवलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

"आबा, फोर ओ'क्लॉक! प्रॉमिस?" इराने दारात अडवून विचारलं.

"प्रॉमिस," मी म्हणालो.

इथल्या बऱ्याच 'चिपर' (मासे-बटाटे तळून देणारं दुकान) इटालियन कुटुंबं चालवतात. आमच्या कोपऱ्यावरची चिपर रोको आणि पिनो या दोन भावांची. थोरला रोको बटाटे तळतो, धाकटा पिनो पुडे बांधतो. वीस पुड्यांची ऑर्डर ऐकून दोघंही खूश झाले. निम्म्या चिप्स कढईत पडल्या. मला बसायला खुर्ची मिळाली. आता नुसतं बसून राहिलो असतो तर मी साताऱ्याचा कसला?

भिंतीवर तीन चिन्हांचं एक पोस्टर होतं. कसलं म्हणून विचारलं. पिनो म्हणाला, "इटलीतल्या तीन उजव्या पक्षांची युती. आम्ही टपालाने मत पाठवतो. एक पक्ष माझा, एक रोकोचा."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याचं आम्हालाही कळलं नाही. एक निवडणूक झाली आणि युती मोडली."

यावर आपल्याकडचा कुणीही माणूस जे विचारेल, तेच मी सहज विचारलं. "मग तोडली कोणी?"

रोकोने पिनोकडे बोट दाखवलं, पिनोने रोकोकडे. पाच मिनिटांत आवाज रस्त्यापर्यंत गेला. रोकोने कढईखालची आच बंद केली, एप्रन काढून काउंटरवर आपटला. रांगेतल्या एका आजीबाई मला म्हणाल्या, "कित्येक महिन्यांचा अबोला होता हो त्यांचा. आज सकाळीच संपला होता."

साडेतीन वाजले होते. एक काम मिळालं होतं, तेही मी माझ्या जिभेने घालवलं होतं.

मी एक कागदी पिशवी ओढली आणि पेन काढलं. "माझं ऐका. आमच्या राज्यात हा पक्ष याच्याबरोबर होता. मग निवडणूक झाली आणि हा त्याच्याबरोबर गेला. मग हा फुटला, त्याचे दोन झाले. मग तो फुटला, त्याचेही दोन." बाण काढता काढता पिशवी भरली. मी दुसरी घेतली.

दोघे भाऊ भांडण विसरून वाकून बघू लागले.

"मग आत्ता सरकारात कोण आहे?" पिनोने विचारलं.

"थांबा, मोबाइलवर बघून सांगतो."

रोकोने मोठा सुस्कारा सोडला. "पिनो, आपलं तर साधंच होतं रे."

"बिचारे," पिनो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने स्वतः कढईखालची आच पेटवली. आपल्या राजकारणाचा परदेशात झालेला एवढा एकच उपयोग मला ठाऊक आहे.

मी घरी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इरा हाताची घडी घालून दारात. पण पुड्यांचा वास सुटला आणि तिने मला कमरेला मिठी मारली. "आबा, यू'र अ लेजंड!"

"म्हणजे थोर माणूस," मधुराने सांगितलं. मला रडू आलं. मी ते चिप्सवरच्या व्हिनेगरच्या वासावर ढकललं.

आता साताऱ्यात मित्र विचारतात, आयर्लंडमध्ये काय पाहिलंस? मी त्या भावांची गोष्ट सांगतो. त्यांचा समेट पुढे किती टिकला ते मला माहीत नाही, कारण वीस पुडे उचलून निघालो तेव्हा मागे मिठावरून वाद सुरू झालेला ऐकू येत होता. पण जिच्यामुळे पोरांच्या तोंडात घास पडला, अशी युती मी आयुष्यात ती एकच पाहिली.