बोहनीच्या वेळचं क्रीम

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत काही जमलं नाही. ही वही चुकून कोणाच्या हाती लागलीच तर माफ करावं.

माझी कातडी जन्माची नाजूक. लग्नातसुद्धा हळद नुसती पायाला लावली होती, तरी पाय सुजले. असं असून, नव्वदच्या पुढेमागे आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आलो तेव्हा शेजारणीचा तुकतुकीत चेहरा बघून मला हाव सुटली. उल्हासनगरच्या एका दुकानातून क्रीम आणलं.

"विटामिन सी है, बहन. सब दाग गायब," शेठ म्हणाला.

पैसे मुलीच्या सहलीसाठी ठेवलेले होते.

दुपारी क्रीम लावलं. संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला तो दारातच थांबला. "मिरच्या काय तोंडाने कुटल्यास?"

तसाच मला अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या म्हणाल्या, "विटामिन सी वाईट नाही हो. पण असं जहाल तुम्हाला सोसायचं नाही. त्याचंच सौम्य केलेलं मिळतं, ते आधी कोपराच्या आत लावून बघा, मग तोंडाला." तसलं पुढे मी वापरलं आणि सोसलंही. पण त्या दिवशी घरी आले तर मुलगी म्हणाली, "आई, सहलीचे पैसे उद्या दुपारपर्यंत द्यायचेत."

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला उल्हासनगरात हजर झाले. डबी काउंटरवर ठेवली आणि तोंडावरचा पदर बाजूला केला.

शेठ दचकला. "बोहनी नहीं हुई, बहन. पहली बिक्री से पहले पैसा वापस नहीं देता. बाद में आना."

मी मान डोलावली आणि तिथेच बाजूला उभी राहिले. मायलेकी आल्या. मुलीने तेच क्रीम मागितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही हेच लावलंत?"

मी मान डोलावली. दोघी गेल्या. मग एक नवी नवरी आली, तीही माझं तोंड बघून गेली.

"बहन, अंदर पंखे के नीचे बैठो ना!"

"इथेच बरी आहे," मी म्हटलं. तेवढंच बोलले.

शेवटी शेठने स्वतःच्याच दुकानातली एक साबणाची वडी उचलली, खिशातून नोट काढून कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. "हो गई बोहनी!"

मग माझे पैसे मोजून हातावर ठेवले. पूर्ण.