खरखर नसलेली चोरी

माझा धाकटा भाऊ चोर होता. आधीच सांगून टाकते; आडवळणाने बोलायला मला वेळ नाही. परदेशी सिनेमांचं पार्श्वसंगीत सीडीवर उतरवून तो बसस्टँडमागच्या खोलीत विकायचा. घरात आम्ही त्याला बाजा म्हणायचो, कारण लहानपणी ताट, वाटी, हाती येईल ते तो वाजवत सुटायचा.

अस्सल सीडी इथे कुणी विकायला आणतच नाही, हा त्याचा युक्तिवाद.

"म्हणून चोरायची?"

"ताई, चोरतो ती नीट तरी चोरतो."

ते मात्र खरं. प्रत्येक सीडी तो हेडफोन लावून अथपासून इतिपर्यंत ऐकायचा. जराशी खरखर आली की थेट कचऱ्यात. भावजय म्हणायची, "माझं एवढं कान देऊन कधी ऐकलं असतं तर!"

पुढे देशादेशांत करार झाला, परदेशी कंपन्यांच्या गाण्यांची चोरी पकडणं इथल्या पोलिसांवर आलं, आणि बाजाला ठाण्यातून बोलावणं आलं. बाजारात जप्त केलेल्या एका सीडीवर त्याच्या दुकानाचा शिक्का होता. पण शिक्का काय, कुणीही मारेल. त्याच्या खोलीत सीडी उतरवायचं नुसतं मशीन सापडलं होतं, माल नव्हता. वकील म्हणाले, "'ही माझी नाही' एवढंच बोलायचं आणि तोंड शिवून टाकायचं. नाहीतर तुरुंग." भावजयीने रस्ताभर त्याच्याकडून ते घोकून घेतलं.

ठाण्यात साहेबांनी सीडी लावली. कंपनीचा माणूस टाय सावरून बसला. व्हायोलिन सुरू झालं आणि त्याच्यामागे खरखर, जणू शेजारी कुणी तांदूळ पाखडतंय.

"तुझी?"

"नाही साहेब."

भावजयीने श्वास सोडला. इथे थांबावं ना माणसाने! पण छे.

"माझी असती तर अशी खरखरली असती का? माझ्या सीडीची कॉपी मारून विकलीय कुणीतरी. चोर लेकाचे!"

मग साहेबांना हसू फुटलं, पाठोपाठ कंपनीच्या माणसालाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

पहिलाच गुन्हा आणि तोही स्वतःच्या तोंडाने कबूल केलेला, म्हणून कोर्टात तुरुंग टळला. मशीन मात्र गेलं, आणि धंदाही कायमचा.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मी त्याच्या बायकोच्या जागी असते, तर सोलून काढला असता. तिने ताट बाजूला सरकवलं आणि त्याच्याजवळ बसली.

"अहो, त्या व्हायोलिनचं पुढे काय होतं हो? त्या खरखरीत मला काही कळलंच नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदाच विचारलं. त्याने मान वर केली, घसा साफ केला आणि तोंडानेच वाजवायला लागला: व्हायोलिन, बासरी, नगारे, सगळं. ती हनुवटीला हात लावून ऐकत राहिली.

सूर बेताचाच होता. मी गप्प बसले. मला ते सहसा जमत नाही.