खडकावर कोण उभं होतं

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघं समुद्रावर राहायला गेलो होतो; तिथे माझी बायको पाणी बघून घाबरली, रडायला लागली, आणि मला सहा दिवसांचा मुक्काम अर्ध्यावर आवरावा लागला. ही गोष्ट मीच सांगितली. पुढे पन्नास वर्षं सांगत राहिलो. तीत आम्ही समुद्रावर गेलो होतो आणि लवकर परतलो, एवढंच खरं आहे. बायकोला जाऊन आता तीन वर्षं झाली. बाकीचं जसं घडलं तसं आता लिहितो.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी जव्हारच्या कचेरीत कारकून होतो. विलीनीकरणानंतर आमची दप्तरं तीच राहिली, ती बांधायची लाल फडकीही तीच राहिली. बदलले ते नियम आणि माणसं. पूर्वी रजा मागायची तर घरात कोणी आजारी तरी असावं लागे किंवा मेलेलं तरी. आता हक्काची रजा आली. घेतली नाही तर बुडते, असं वरिष्ठ कारकुनांनी सांगितलं तेव्हा आम्हाला ते खरंच वाटेना. आणि माणसं बदलली म्हणजे, बाहेरच्या तालुक्यांतून बदलीवर लोक येऊ लागले. त्यांतला एक वसईकडचा होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जव्हारच्या थंडीत दोन स्वेटर घालून कुडकुडायचा आणि दुपारच्या चहाला समुद्राच्या गोष्टी सांगायचा. तुमचे डोंगर बघून मान दुखते, म्हणायचा, नजर जरा लांब टाकावी म्हटलं तर लगेच कशाला तरी आपटते. अर्नाळ्याच्या बेटावर त्याची मावशी राहायची. तिच्या घरात एक खोली रिकामी होती. वहिनींना घेऊन जा एकदा, असं त्याने इतक्यांदा म्हटलं की शेवटी मी अर्ज केला.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना. नुसतं समुद्र बघायला जातो असं लिहिण्याची आमची छाती नव्हती. मी लिहिलं, ‘पत्नीच्या प्रकृतीसाठी हवापालट.’ माझी पत्नी दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीची चढण चढायची आणि वाटेत कोणी भेटलं तर तसंच उभं राहून बोलायची. पण गावाहून, साखरशेतहून, माझी आई आली आणि विचारू लागली, समुद्रावर आपलं कोण मेलंय? तेव्हा तिलाही मी प्रकृतीचंच सांगितलं. दोन दिवसांत आळीभर झालं. बायको मला म्हणाली, “नेमकं काय झालंय ते तरी सांगा. कोणी विचारलं तर खोकू का लंगडू?”

आम्ही माघातली पौर्णिमा करून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. एस्टीने डहाणू रोड, तिथून गाडीने विरार, पुढे टांगा. जव्हारच्या पठाराच्या पश्चिम कडेवरून संध्याकाळी खाली बघितलं की अगदी टोकाला एक चकाकती रेघ दिसते. तो समुद्र, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आम्ही मान्य केलं होतं. सुरूची झाडं संपली, टांगा थांबला आणि ती रेघ एकदम समोर सगळीकडे झाली. मी बायकोकडे बघितलं. ती टांग्याच्या दांड्याला धरून उभी होती आणि बराच वेळ तिने दुसरा पाय खाली टेकला नाही. टांगेवाला कंटाळून विडी काढून बसला.

“पलीकडे कुठलं गाव?” तिने विचारलं.

मी म्हटलं, कुठलंच नाही.

“मग हे पाणी अडवलंय कोणी?”



होडीने बेटावर गेलो. बेट एवढंसं. एका बाजूला जुन्या किल्ल्याचा तट, त्याला लागून कोळ्यांची घरं, आणि सगळ्या बाजूंनी पाणी. फेरी मारायला पाऊण तास लागायचा. गाडी नाही, बैल नाही, चढण म्हणून नाही. मावशी विधवा होती, पन्नाशीची, आवाज खणखणीत. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि सकाळी होडीतून उतरलेले ओले, रुपेरी, अजून थरथरणारे बोंबील टोपलीत. आमच्या बाजारात ते वाळून काटकी झालेलेच येतात. बायकोने एक उचलून तळहातावर घेतला आणि म्हणाली, आपल्याकडे पोचेपर्यंत बिचारे किती म्हातारे होतात. मावशी इतकी हसली की तिने शेजारणींना बोलावून ते पुन्हा म्हणायला लावलं.

ते पहिले दोन दिवस कसे सांगू? आयुष्यात प्रथमच आम्हाला काही काम नव्हतं. बायको सवयीने पहाटे उठली आणि जात्याशी जाऊन बसली, तर मावशीने तिला हाताला धरून उठवलं. पावण्यांनी पाणी बघायचं, म्हणाली. मग आम्ही पाणी बघितलं. दिवसभर बघितलं. गावात ती माझ्या चार पावलं मागून चालायची, तशीच रीत होती. बेटावर वाळूत चालताना ती कधी शेजारी आली ते मला कळलं नाही. ओल्या वाळूत टाच रोवून उभी राहायची आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकली की श्वास रोखायची. दुपारी समुद्र हिरवा असायचा, संध्याकाळी तांब्याच्या घंगाळासारखा. रंग कोण बदलतं, हा तिचा आणखी एक प्रश्न. मी कचेरीतला शिकलेला माणूस. मी काहीतरी उत्तर द्यायचो. तिला ते पटायचं नाही, पण ती ऐकून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी मावशीने बेटाच्या उत्तरेचं रुंद पाणी दाखवलं. ती वैतरणा, म्हणाली, इथे दर्याला मिळते. बायकोचं माहेर खोडाळ्याचं. वैतरणा म्हणजे तिची लहानपणाची नदी. डोक्यावर भाताचा भारा घेऊन ती ओलांडलेली. ती पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, “आमची? एवढी मोठी झाली?” लग्न होऊन दूर गेलेली बहीण बऱ्याच वर्षांनी दिसावी तसं तिचं तोंड झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते घडलं.

बेटाच्या त्या उत्तरेच्या टोकाला ओहोटीत काळे खडक उघडे पडायचे. त्यांच्या शेवटी एक उंच खडक होता, तिथून नदी, समुद्र आणि लांबचे आमचे डोंगर, तिन्ही दिसायचे. कोळणी तिकडे कालवं फोडायला जात. आम्हीही निघालो. पाणी वळायच्या आत माघारी या, मावशी म्हणाली. मी हो म्हटलं. भरती मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होती. पौर्णिमेला आणि अमावास्येला येते, एवढं डोक्यात राहिलेलं. पौर्णिमा होऊन तर चार दिवस झाले होते. आणि शिवाय आमची डोंगरातली अक्कल होती. आमच्याकडे नदीच्या उताराशी उभं राहिलं की माणूस आधी उगवतीचं आभाळ बघतो. वर डोंगरात ढग नसला तर पाणी वाढत नाही; बिनधास्त ओलांडावी, बिनधास्त बसावं. मी उंच खडकावर बसून उगवतीकडे बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं. मी पाय पसरले.

बायकोने वाटेत उचललेली एक करवंटी पाण्यात सोडली. ती थोडी हलली आणि डोंगरांच्या दिशेने चालू लागली.

“अहो, पाणी उलटं चाललंय,” ती म्हणाली. “नदी घरी चाललीय.”

वाऱ्याने जातेय, मी म्हटलं. करवंटी दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी देवळातसुद्धा कधी बघितलं नाही. अख्खी नदी, जिला आम्ही जन्मभर एकाच दिशेने जाताना पाहिलं होतं, ती आवाज न करता मागे फिरली होती.

मग तिने मागे बघितलं आणि मला हात लावला. आम्ही ज्यांवरून आलो ते खडक आता नव्हते. आम्ही आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा होता, हेलकावे खात रुंद होत जाणारा. आभाळात ढग नाही, पाऊस नाही, आणि पाणी वाढतंय. माझ्या सगळ्या हिशेबाच्या बाहेरची गोष्ट होती ती. तिने माझा हात धरला. एकदम नका उतरू, पाय टेकवून बघा, मग भार टाका, असं काहीतरी सांगत होती.

मी तिच्या हातातून हात ओढून घेतला. ओढून घेतला, निसटला नाही. हे नीट लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी पाण्यात उडी टाकली, मांडीएवढं होतं, मग कमरेएवढं झालं, पडलो, खारं पाणी नाकात गेलं, उठलो, आणि किनाऱ्याला लागल्यावरही थांबलो नाही. किल्ल्याच्या तटापर्यंत धावत गेलो. तटाला पाठ लागली तेव्हा मागे बघितलं.

ती खडकावर उभी होती. चारी बाजूंना पाणी. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पदर कमरेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. समुद्राकडे तोंड करून, येणाऱ्या पाण्याकडे बघत उभी होती, पाहुण्याला उंबऱ्यापर्यंत यायला वाट द्यावी तशी. कालवं फोडून किनाऱ्यावर परतलेल्या दोघी कोळणींनी तिला हाक मारली. तेव्हा ती वळली, आणि वैतरणा ओलांडायची तशी, तिरकी, ओढीकडे तोंड करून, एकेक पाय चाचपत आली. कोळणी मध्ये पुढे झाल्या होत्या, पण त्यांना तिला धरावं लागलं नाही. छातीपर्यंत भिजून ती वाळूवर आली आणि हसत होती.

“अहो,” ती मला म्हणाली, “बघितलंत का? चालत आलं हो पाणी. आपल्या पायांनी.”

माझ्या पळण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एक कोळीण मात्र बोलली. “तुझा घोव भारी धावतो गो. होडीत बसवू नको, असाच जव्हारला पोचंल.” संध्याकाळपर्यंत बेटावर सगळ्यांना माहीत झालं. वाईट बुद्धीने कोणी हसलं नाही. मावशीने तर मला जेवताना मासळीची वाढीव तुकडी वाढली, धावून दमला असाल म्हणाली. पण मला ते सहन होईना. मी सांगितलं, उद्या निघायचं.

अजून दोन दिवस आहेत ना, बायकोने विचारलं. मी म्हटलं, माझं मन नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. होडीत ती उलटी बसली, बेटाकडे तोंड करून, आणि टांग्यातही तशीच.

घरी आई दारातच होती. इतक्या लवकर कसे आलात, तिने विचारलं. वाटेत मी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, “हिला पाण्याची भीती वाटली. रडायलाच लागली.” बायको माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरत होती. ती थांबली, तांब्या काठापर्यंत भरला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. आई म्हणाली, मी सांगत होते, हिची प्रकृती नाजूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कचेरीत जायला निघालो तेव्हा, बायको ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्ही तसं सांगितलंत. आता मला तसंच वागावं लागणार.”

आणि ती वागली. दाभोशाच्या धबधब्यावर सगळे गेले की ती लांब झाडाखाली डबे सांभाळत बसायची. पोरं म्हणायची, आईला पाण्याची भीती. पुढे आळीतल्या बायका मिळून डहाणूला समुद्रावर निघाल्या, तेव्हा तिला कोणी विचारलंही नाही. उलट पोरांचं जेवण बघशील ना, एवढं सांगून गेल्या. मी घरात होतो. मी पेपर वाचत होतो. जेवणावळीत कोणी विषय काढला की मी तिच्या रडण्याची नक्कल करून दाखवायचो, आणि ती वाढता वाढता हसायची. तिचं ते हसणं मला वर्षानुवर्षं संमती वाटलं. आता वाटतं, ती मला खडकावरून बघत असायची, मी अजून किती लांब पळतो ते.

गेल्या दिवाळीत सगळे घरी जमले होते. नात पोहण्यात शाळेत पहिली आलेली. मुलगा कौतुकाने म्हणाला, आजीवर नाही गेली ही. सगळे हसले. मी म्हटलं, आजीवरच गेलीय. आणि सगळं सांगितलं: हात ओढून घेतलेला, तट, कोळीण, सगळं.

कोणाला पटलं नाही. मुलगा म्हणाला, बाबा, आईची आठवण येते, आम्ही समजतो. सुनेने माझ्यासमोरची ताटली उचलून चहा ठेवला आणि मला पाठीमागे उशी दिली. म्हातारा माणूस गेलेल्या बायकोला मोठं करतोय, असं त्यांना वाटलं. मी इतकी वर्षं इतकं चांगलं खोटं बोललो होतो की आता खरं बोलायला माझ्याकडे साक्षीदार उरला नव्हता. म्हणून हे लिहिलं.

फक्त थोरली मुलगी हसली नाही. सगळे उठून गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. “आई एकदा माझ्याशी बोलली होती, पाणी चालत येतं म्हणून,” ती म्हणाली. “मला वाटलं ती स्वप्नातलं सांगतेय.” मग तिने विचारलं, “बाबा, तिला पुन्हा जायचं होतं का समुद्रावर?”

मी म्हटलं, मी तिला कधी विचारलं नाही.